तरंगाखाली कोण बोललं?

माझा दवाखाना मालवणच्या बाजारात कापडाच्या दुकानावर आहे आणि ही जागा मी मुद्दाम निवडली. मानसोपचाराच्या दवाखान्यात शिरताना कुणी पाहिलं तर ठरलेली लग्नं मोडतात, हे मला इथे आल्या आल्या कळलं. कापडाच्या दुकानात शिरताना पाहिलं तर लोक फार तर विचारतात, काय घेतलंस. त्यामुळे माझे निम्मे पेशंट हातात पिशवी घेऊन येतात आणि जाताना खरंच एखादा परकर, नाहीतर टॉवेल घेऊन जातात. खालचे शेटजी माझ्यावर खूश असतात.

मी तशी तापट बाई. आमच्या धंद्यात शांत माणसं लागतात असं म्हणतात, पण मला ते कधी जमलं नाही. दोडामार्गचे एक बागायतदार आपल्या वयात आलेल्या पोराला घेऊन आले होते. पोर म्हणत होतं, मी मुलगी आहे. बागायतदारांचं म्हणणं, मेंदूचा फोटो काढा आणि तो पुरुषाचा आहे असं लिहून द्या, म्हणजे विषय मिटला. मी म्हटलं, अहो, मेंदूला मिशा नसतात. ते हसले नाहीत. पोराला हाताला धरून उठले आणि गोव्यात दुसरा कुणीतरी गाठला म्हणे. त्या लेकराचं पुढे काय झालं मला माहीत नाही. माझ्या जिभेला हाड असतं तर कदाचित माहीत असतं, असं अजूनही वाटतं.

दिवाळी अंकात लिहायचं तर आधी धंदा काय ते सांगून टाकते. जन्मल्यावर सुईणीने मुलगा म्हटलेल्या एखाद्याला आतून पक्कं माहीत असतं की आपण मुलगी आहोत. कुणाचं उलट असतं, कुणाचं दोन्हीत बसत नाही. हा आजार नव्हे. आजार नव्हे म्हटल्यावर ते 'बरं' करण्याचं औषधही नसतं, आणि शॉक देऊन, गोळ्या घालून ते बदलू पाहणारा डॉक्टर गुन्हेगारासारखाच. शरीराचे बदल, हार्मोन वगैरे पाहणारे डॉक्टर वेगळे. मग मी कशाला? तर आजूबाजूच्या माणसांनी त्या लेकराची जी दशा केलेली असते, तिच्यासाठी. झोप उडालेली, अन्न तुटलेलं, मरावंसं वाटायला लागलेलं. लेकराला जगवायचं आणि घराला थोडं शहाणं करायचं, एवढं माझं काम. यातलं दुसरं फार जड जातं.

ज्यांची परवानगी घ्यायची त्यांची घेऊन, नावं-गावं बदलून, आता दाजींची गोष्ट सांगते.

दाजी आतल्या गावातले शेतकरी. भात, काजू, चार आंब्याची कलमं. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख मानकरी म्हणून. ग्रामदेवीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे गावाच्या वतीने देवीला विनवायचा, मान त्यांच्या घराण्याचा आणि दसऱ्याला देवीचा तरंग धरायचा मानही त्यांच्याच घरातल्या तरण्या मुलाचा. तरंग म्हणजे उंच काठी, वर देवीचं चिन्ह आणि काठीला नेसवलेली लुगडी. तो धरणाऱ्याच्या अंगात देवीचा संचार होतो. त्याला अवसर म्हणतात. अवसर आला की मानकऱ्याने पुढे होऊन विचारायचं, कोण तू, कशाला आलीस. मग जे उत्तर येईल तो देवीचा शब्द.

दुसरी गोष्ट कौलाची. मूर्तीला ओल्या कळ्या लावतात, गुरव देवीला प्रश्न घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची कळी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. आमच्याकडे अजूनही पुष्कळ घरं कौल घेतात. पण दाजींसारखा माणूस मी पाहिला नाही. कौल घेतल्याशिवाय ते विहिरीवर कुदळ मारत नसत आणि मिळालेला कौल मोडत नसत. सख्ख्या भावाशी समेट करू का म्हणून एकदा विचारलं, तर डावा कौल आला. भाऊ शेजारच्याच घरात राहायचा. तो वारला तेव्हा दाजी कुंपणाशी उभे राहून ढसाढसा रडले, पण त्याच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. हे मला त्यांच्या बायकोने, सुलभाताईंनी सांगितलं. हा भाऊ ध्यानात ठेवा.

दाजींना एकच मूल. मी तिला वैदेही म्हणते, कारण ती स्वतःला मनात ज्या नावाने हाक मारायची ते असंच काहीतरी होतं. गावाला मात्र दाजींचा झील, म्हणजे मुलगा, ठाऊक होता, कणकवलीच्या कॉलेजात शिकणारा, मान खाली घालून चालणारा. त्या वर्षी दसऱ्याला तरंग पहिल्यांदाच त्याच्या हातात आला.

पुढचं मी तिघांच्याही तोंडून ऐकलंय आणि तिघांचं तंतोतंत जुळतं. ढोल सुरू झाले. तरंग हलायला लागला, खाली वैदेही थरथरायला लागली. अवसर आला म्हणून गावाने हात जोडले. दाजी पुढे झाले आणि त्यांच्या बापाने, आज्याने विचारलं तसंच त्यांनी विचारलं.

"कोण तां खरां सांग, म्हाराजा."

वैदेही म्हणाली, "मी चेडू आसंय. माका चेडू म्हणान घरात घेया."

चेडू म्हणजे मुलगी. सगळा गाव "व्हय म्हाराजा" म्हणाला. देवी मानकऱ्याच्या घरी लेक म्हणून यायचं म्हणतेय, याहून मोठं भाग्य ते कुठलं? दाजींनी भर गर्दीत तरंग धरणाऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. बायकांनी ओटी भरली, कुणी हिरवं लुगडं आणलं. दुसऱ्या दिवशी दाजींच्या घरी देवघरात कलश बसला आणि ते लुगडं कलशापुढे घडी करून ठेवलं गेलं. वैदेही माजघरात उभी राहून हे सगळं बघत होती. तिला वाटलेलं, आता आपल्याला कुणीतरी जवळ घेईल.

थोड्या दिवसांनी तिने ते लुगडं उचललं आणि नेसली. दाजी काजूच्या बागेतून आले तर देवीचं लुगडं नेसून पोर आरशापुढे उभं. हातात आलं त्याने त्यांनी तिला मारलं. ती मागच्या दाराने विहिरीकडे धावली. शेजारीण, म्हणजे त्या मेलेल्या भावाची बायको, पाण्याला आलेली, कठड्याजवळच होती. तिने मनगट धरलं ते सोडलं नाही, म्हणून ही गोष्ट पुढे आहे.

सरकारी दवाखान्यातून त्यांना माझ्याकडे पाठवलं. दाजी समोर बसले, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि आधी शुद्ध मराठीत बोलायचा प्रयत्न केला. आमच्याकडे ऑफिसात लोक तसं बोलतात. दोन वाक्यांत ते संपलं.

"डॉक्टरांनू, ह्येच्या अंगात अजून देवी आसा, काय ह्येका येड लागला, तां माका सांगा," ते म्हणाले.

मी नवरा-बायकोला बाहेर बसवलं. पोरीच्या मनगटावर पाच बोटांचे वळ होते, काकीच्या हाताचे. झोप नाही, भूक नाही. मरायचं अजून मनात आहे का, हे मी सरळ विचारलं. तसंच विचारावं. विचारल्याने कुणी मरत नाही, न विचारल्याने मरतात. ती म्हणाली, आहे. कानात आवाज येत होते का, तर नाही. त्या दिवशीचं किती आठवतं, तर सगळं. अवसरातून बाहेर आलेली माणसं बहुधा काही आठवत नाही म्हणून सांगतात. हिला ढोलाचा ठेकासुद्धा आठवत होता. थरथर कसली, तर भीतीने. मग मी विचारलं, बोललं कोण?

"मीच," ती म्हणाली. "बाबान माका पयल्यांदाच इचारल्यान, तू कोण म्हणान. खरां सांग म्हणालो. मी सांगलंय."

मी उठून खिडकी उघडली, उगाचच.

आता माझी पंचाईत बघा. वेड आहे म्हणावं, तर ते धडधडीत खोटं, आणि वर दाजी तिला कुठेतरी नेऊन डांबणार. देवी नव्हती म्हणावं, तर तरंगाखाली, भर गावात, मानकऱ्याच्या पोराने देवीच्या नावावर स्वतःचं बोलणं खपवलं असा अर्थ. त्यांच्या लेखी याहून मोठा गुन्हा नाही. दाजी कौल लावणार आणि कौल जे सांगेल ते करणार. भावाच्या बाबतीत केलं तसंच. राहिला तिसरा मार्ग, देवीच होती म्हणायचं. तो सगळ्यात सोपा.

सुलभाताई जिन्यात मला एकट्या भेटल्या आणि त्याचसाठी हात जोडले. त्यांना पोरीचं लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांच्या मोडक्या बांगड्यांनी ती खेळायची. त्या म्हणाल्या, देवी आसा इतकां म्हणा, मगे तो हात लावचो नाय. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या जिभेवर ते आलं होतं. पोर विहिरीवरून परत आलेलं, आणि एका खोट्या वाक्याने तिच्याभोवती भिंत उभी राहत होती.

मी दाजींना एवढंच म्हटलं, की वेड अजिबात नाही. देवी ओळखणं माझ्या शिक्षणात येत नाही. पण मन फार खचलंय, त्याला औषध आहे, आणि पुन्हा हात उचललात तर मी पोलिसांत जाईन. शेवटचं वाक्य जरा मोठ्याने म्हटलं. खालच्या दुकानात ऐकू गेलं म्हणे. दाजींनी माझं पहिलं वाक्यच तेवढं घरी नेलं. वेड नाही, म्हणजे देवी.

गोळ्या सुरू केल्या. विहिरीवर लोखंडी जाळी बसवायला लावली. पोरीला एकटं सोडायचं नाही, हे सुलभाताईंना आणि त्या काकीला बजावलं. दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं, तरी या दोघी बायका कुंपणावरून एकमेकींना खुणेने निरोप द्यायच्या. दर आठवड्याला तिघं यायची. मारहाण थांबली. मला वाटलं, चला, वेळ तर मिळाला.

पण पोर सुकत चाललं. गोळ्यांनी झोप लागत होती, तरी डोळे विझलेले. खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की दाजी आता तिला आधी वाढतात. केळीच्या पानावर, सोवळ्यात, आतल्या खोलीत एकटीला. वाढून झालं की हात जोडतात आणि दार ओढून घेतात. तिच्याकडे बघत नाहीत, तिच्याशी बोलत नाहीत. देवीशी काय बोलायचं? गावातल्या बायका येऊन तिच्यासमोर तांदूळ ठेवून जातात. ती ज्या खोलीत जेवायची, ज्या पाटावर बसायची, त्या सगळ्यातून तिला उचलून देव्हाऱ्यात बसवलं होतं. मारलं असतं तर निदान मारणारा बाप तरी दिसला असता, असं ती म्हणाली.

"माका नैवेद्य नको," ती म्हणाली. "माका जेवाण होया. त्यांच्यावांगडा बसान. नायतर माका जगूचाच नाय."

वांगडा म्हणजे सोबत. हे ऐकल्यावर ती खोट्या वाक्याची भिंत माझ्यापुरती संपली. तिला दाजींना खरं सांगायचं होतं. मी घाबरले, हे कबूल करते. तिला एकेक करून सगळं समजावलं. बाप मारेल, बाप घराबाहेर काढेल, गाव तुमचा मान काढून घेईल. ती म्हणाली, असंही मी त्या घरात नाहीच. अठरा पूर्ण झालेली मुलगी ती, निर्णय तिचाच. मी तिला म्हटलं, सांगायचं तर इथे, माझ्यासमोर. घरी नाही. कुडाळला माझी एक शिक्षिका मैत्रीण एकटीच राहते. तिला सांगून एक खोली झाडून ठेवली. सुलभाताईंना आदल्या खेपेला सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तिचे कपडे मी पिशवीत भरून आणतंय.

तो बाजाराचा दिवस होता. खाली गिऱ्हाइकांचा कलकलाट चाललेला. दाजी नेहमीच्या खुर्चीत, सुलभाताई दाराजवळ, पायाशी ती पिशवी. वैदेही उभी राहिली. मी बस म्हटलं तरी बसली नाही.

"बाबा, त्या दिसा तरंगाखाली देवी बोलूक नाय," ती म्हणाली. "तुमी इचारलास, आणि मी सांगलंय."

दाजींना आधी कळलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी भाषांतर करून सांगेन. मग कळलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला वाटलं यांना चक्कर येणार. हात उचलतील म्हणून मी टेबलामागून पुढे आले होते. पण दाजींनी एवढंच विचारलं, की त्यांनी तिचे पाय धरले तेव्हासुद्धा? ती व्हय म्हणाली. दाजी उठले. दाराशी चपला घालताना एक पाय दोनदा चुकला. बायकोकडे पाहिलं नाही, पिशवीकडे मात्र पाहिलं. जिना उतरले आणि त्यांची मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

सुलभाताई म्हणाल्या, कौल लावूक गेले.

ते मलाही कळत होतं. देवीच्या नावावर बोललेल्या लेकराचं काय करायचं, हाच प्रश्न ते घालणार आणि डावी कळी पडली तर संपलं. या माणसाने भावाच्या मयताला अंगण ओलांडलं नव्हतं. मी फोन लावला, तो बंद. तासाभराने सुलभाताईंनी गुरवाच्या घरी लावला. त्याची सून म्हणाली, मामांनी आत्ताच देऊळ उघडलं, दाजी आलेत.

मी बाकीच्या पेशंटांना परत पाठवलं. एकजण रागावला, त्याला मी जास्त रागावले. वैदेही भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. तिच्या आईने पिशवी मांडीवर घेतली होती आणि तिचे बंद सोडत होती, बांधत होती. मी चहा मागवला, कुणी प्यायलं नाही. मैत्रिणीचा कुडाळहून फोन आला, येताय का. मी म्हटलं, थांब. मनात आलं, सोपं वाक्य बोलले असते तर आज ही पोर निदान घरात असती. मग तिचं ते केळीचं पान आठवलं. त्या दोन विचारांमध्ये माझी दुपार गेली. इतकी वर्षं लोकांना धीर देतेय, त्या दुपारी स्वतःला देता आला नाही.

दुकानं आवरायला लागली तेव्हा मोटरसायकलचा आवाज आला. जिन्यावर पावलं वाजली, अर्ध्यावर थांबली, पुन्हा वाजली. वैदेही उठून उभी राहिली. तिच्या आईने तिच्या पुढ्यात येऊन पिशवी छातीशी धरली.

दाजी दारात उभे राहिले. कपाळावर देवळातला अंगारा नव्हता. कौल घेऊन आलेला माणूस अंगाऱ्याशिवाय येत नाही. मी विचारलं, काय पडलं?

"इचारूकच नाय," ते म्हणाले.

ते खुर्चीत बसले. गुरवाने कळ्या लावल्या होत्या म्हणे. प्रश्न सांगा म्हणाला. दाजींनी तोंड उघडलं आणि तसेच उभे राहिले. गुरवाने दोनदा विचारलं. हे सांगताना ते माझ्याकडे बघत होते. मग मान वळवून त्यांनी पोरीकडे पाहिलं. दसऱ्यानंतर तिच्याकडे नीट असं पहिल्यांदाच पाहत असावेत.

"डावो इलो असतो तर?" ते म्हणाले. "देवीचो शब्द माका मोडूक येणा नाय. भावाक सोडलंय. आता चेडवाक सोडूचा लागला असता. म्हणान तसोच परत इलंय."

त्यांना रडू आवरेना. सुलभाताई पिशवी घेऊन तशाच उभ्या. मी दाजींपुढे पाण्याचा पेला सरकवला.

थोड्या वेळाने दाजींनी डोळे पुसले, बायकोच्या हातातली पिशवी घेतली, स्वतःच्या खांद्याला लावली आणि वैदेहीला विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस काय. ती नाही म्हणाली. मग चल, म्हणाले.

मी दिवे मालवून खिडकी लावायला गेले. समोरच्या खाणावळीत रस्त्याकडच्या टेबलावर तिघं बसली होती. पोरगा ताटं घेऊन आला. दाजींनी आपल्या ताटातला मासा उचलून वैदेहीच्या ताटात घातला आणि तिघं जेवायला लागली.